ऑइलची काच

सेलूत, पाथरी रोडला, पंक्चरच्या दुकानाला लागून
जिलानीभाईंचं गॅरेज.
गाडी लावली आणि म्हटलं, काच बदलायची.
कोणती?
खालची. ऑइलची.
ते उकिडवे बसले, अंगठ्यानं पुसलं,
मग थुंकी लावून पुसलं.
"ही तर कधीचीच गेलीय, डॉक्टर.
बघता काय तुम्ही हिच्यातून?"

मी डॉक्टर नाही. गायी-म्हशी भरवायला जातो,
वालूर, कुपटा, देवळगाव गात,
मागं नायट्रोजनचा डबा बांधून.
सगळे डॉक्टर म्हणतात, मी ओ देतो.

काच केवढी, तर जुन्या रुपयाएवढी.
आधी कडेनं पिवळी पडली,
मग मधे राखाडी,
मग काहीच दिसेना.
तीन वर्षं अंदाजानं ओतत आलो थोडं थोडं,
आणि दर दिवाळीला घासत आलो:
रॉकेल, टूथपेस्ट, एकदा तर लिंबूसुद्धा.

जिलानीभाईंनी नट सोडला.
घमेलं भरलं, दुसरं आणावं लागलं.
"एवढं? गाडी हाय का म्हैस?"

मग काचेच्या मधोमध बारीक भोक,
भोकात स्क्रू पिळला,
आणि पकडीनं ओढलं,
अडलेलं वासरू ओढतात तसं,
कळेसोबत, घाई न करता.
टक्.
आत एका चाकाचा दात दिसला, ओला.

काढलेली काच मी उन्हात धरली.
बाहेरचं अंग लख्ख होतं,
लिंबानं जरा चरलेलं, पण लख्ख.
मळ सगळा आतल्या बाजूला,
जिथं माझं फडकं कधी पोचणारच नव्हतं.

नवी काच परभणीहून आलेली, एकशे ऐंशीला.
रबराच्या ओठाला बोटानं ऑइल लावून,
बरोबर मापाची गोटी वर ठेवून
तळहातानं दाबली. हातोडी नाही.
"मारलं की वाकडी बसते,
मग जन्मभर पाझरते."

नवं ऑइल ओतलं. म्हणाले, आता सरळ धरा.

हेच तर होतं.
स्टँडवर गाडी तिरकी असली
की ऑइल एका अंगाला जातं, काच भलतंच सांगते.
एकानं हँडल धरून गाडी उभी करायची,
दुसऱ्यानं मातीला गाल टेकवून बघायचं.
हे एकट्याचं काम नाही.

गाडी घेतली तेव्हा अर्धे पैसे मुंजाचे होते.
तो धरायचा, मी वाकायचो.
किती? अर्ध्याच्या वर. मग चल.
पुढं आईच्या तेराव्याला
कुणाला आधी वाढलं, एवढ्यावरून
भाऊ भावाशी बोलेना.
तो आता मानवतला असतो. पाऊण तासाचा रस्ता.
काच धुरकट झाली तेव्हा,
खरं सांगतो,
बरंच वाटलं होतं मला.
बघायचंच नाही म्हटल्यावर
धरायला कोण पाहिजे?

त्या दिवशी गॅरेजच्या पोरानं धरली, अंगदनं.
जुनी काचही त्यानंच मागून घेतली,
भोक आयतं होतं, दोऱ्यात ओवायला.

आठवड्यानं वालूरला
राहीबाईंची म्हैस भरवली, हात धुतले.
गाडीला किक मारणार तोच थांबलो.
म्हटलं, जरा सरळ धरता का?
त्यांनी पदर खोचला
आणि शिंगं धरावीत तसं हँडल धरलं.
"पायावर पडंल का माझ्या?"
नाही पडत.
मी शेणामातीत गाल टेकवला.
काचेत करडईच्या ताज्या तेलासारखं काहीतरी
हललं, आणि थांबलं.

"काय दिसलं?"
अर्ध्याच्या वर आहे.
"मंग चांगलं का वाईट?"
चांगलं.
"मंग सोडू?"

थांबा, म्हटलं.
अजून थोडं धरा.