उलटा करंट

लातूरच्या कुण्या डॉक्टरच्या घरातली ट्रेडमिल
जब्बारभाईच्या भंगारात आली तेव्हा
पट्टा नवाकोरा होता.
"फार पळालेली दिसत नाही," मी म्हटलं.
जब्बारभाई हसला, काटा मांडला,
मोटरचे तीनशे ऐंशी रुपये झाले.
पट्टा त्यानं ठेवून घेतला, चपलांच्या तळव्यांना.

आयटीआयला वायरमन ट्रेडमध्ये मी एकटीच मुलगी.
सर सांगायचे, करंट दिला की मोटर फिरते.
आणि तास संपताना, खडू झटकत,
फिरवली की करंट देते.
बाकीची पोरं तोवर डबे उघडत होती.
ते दुसरं वाक्य मी घरी आणलं.

सहा इंची पाइप उभा चिरून तीन पाती.
कोचिंग क्लासच्या पत्र्याच्या पाटीची शेपटी,
"यशाची खात्री" होतं तिच्यावर,
मापात बसेना, म्हणून खात्री कापली.
कोरड्या बोअरमधून उपसलेल्या पाइपाचा खांब.
वैजनाथनं खाली धरला, मी वर चढले.
भामाबाई म्हणाली, बाई माणूस अन् खांबावर!
मग म्हणाली, पाना खालीच राहिला, घे.

वर माळावर कंपनीच्या पवनचक्क्या.
त्यांचं एकेक पातं ट्रेलरवरून आलं तेव्हा
वळणावरचा लिंब तोडावा लागला.
त्यांचा करंट आमच्या डोक्यावरून जातो,
कुठं ते तारांनाच ठाऊक.
रात्री लाल दिवे लुकलुकतात,
वस्तीच्या वाट्याला तेवढंच.

आमचा आपला बारा व्होल्टचा कारभार.
ट्रॅक्टरची जुनी बॅटरी, तीन बल्ब,
अकरा मोबाइल.
आषाढात पंखा असा सुटतो
की शेपटीला दोर लावून
त्याचं तोंड वाऱ्यावरून फिरवावं लागतं.
आश्विनात भामाबाई मोबाइल घेऊन येते,
विरजण मागायला यावं तशी दारात उभी राहते :
"वारं किती राहिलंय गं?"
मी मीटर बघते.
"बारा पॉइंट एक. दोघींपुरतं आहे."

त्या रात्री पान हलत नव्हतं.
बाभळीला लोंबणारा सुगरणीचा खोपा
खिळ्याला टांगल्यासारखा.
आणि पंखा फिरत होता.
हळू. कुणाला उठवायचं नसल्यासारखा.

वैजनाथ अंगणात उठून बसला.
भामाबाई मिठाची मूठ घेऊन आली, ओवाळायला.
मी टॉर्च तोंडात धरली आणि पेटी उघडली.

डायोड जळाला होता.
शेंगदाण्याएवढी वस्तू, बारा रुपयांची.
वाऱ्याकडून आलेलं आत घ्यायचं,
परत जाऊ द्यायचं नाही,
एवढंच तिचं काम.
ती गेली, आणि बॅटरी
दोन दिवसांचं साठवलेलं वारं
त्या थिजलेल्या रात्रीला परत करत बसली.

"भूतबित नाही," मी सांगितलं, "उलटा करंट."
भामाबाईनं मूठ सोडली नाही.
"म्हंजी घेतलेलं फेडायलंय.
मग कामून थांबवतीस?"

त्या तासाची वही मी मनात उलटून पाहिली.
वायर काढायला गेलेला हात
वायरीवरच राहिला.
तिघंही बघत बसलो.
बल्ब पिवळा पडत गेला, मग तांबडा,
पाती एकेक मोजता यायला लागली.
भामाबाई म्हणाली, थोडं वारं लागतंय बघ.
लागत नव्हतं.

सकाळी मीटरवर नऊ पॉइंट चार.
अकरा मोबाइल मुके,
आणि अकरा घरांच्या शिव्या मला.
पाटोद्याला जाऊन डायोड आणला.
दोन आणले.
दुपारनंतर माळावरून वारं उतरलं,
शेपटी गर्रकन वळली
आणि मावळतीला दाखवत राहिली,
यशाची,
एवढंच.