सहा राजांचा लोटा

रामगंगेच्या अलीकडे, आंवल्याच्या बाजारात
माझी भट्टी. आम्ही ठठेरे. तांबं तोलतो,
त्यावर कुणाचं नाव आहे ते विचारत नाही.

टेकाडावर शेळ्या चारणारी रमदेई
ओच्यातून आणायची हिरवी पडलेली नाणी,
शेळ्यांच्या खुरांनी उकरलेली.
"चाचा, आज पाऊण शेर भरेल."
मी तराजू धरायचो, ती काट्यावरून
डोळा हलवायची नाही.

एकदा बरेलीहून कुणी मास्तर आला,
जाड भिंग काढून भट्टीशी उकिडवा बसला.
म्हणाला, हा राजा. याचं दुसरं काही उरलं नाही,
ना शिळा, ना पोथी, ना एखादा वैरी
ज्यानं शिवी देताना तरी नाव घ्यावं.
नाणी तेवढी. आणि त्यांतलीही तू...
पुढचं बोलला नाही.
मी चहा मागवला.

वर तीन खुणा, खाली अक्षरं.
ठसा तिरका बसलेला, नावाचं डोकं काठाबाहेर गेलेलं.
उरलं होतं फक्त 'मितस'.
म्हणजे, अमुकमित्राचं.
अमुकमित्राचं काय? मी विचारलं.
मास्तर हसला. ते लिहीत नसत.

मला मात्र राजा नाही, ठसा मारणारा दिसला:
दिवस कललेला, तांबं निवत चाललेलं,
मागून कुणाचा तरी ओरडा,
घामानं हात सरकला
आणि राजा अर्धा हवेत उमटला.
असा घाव माझाही चुकतो.
त्याची मजुरी कापली असेल का त्या दिवशी?

रात्री हिशेब केला. एका लोट्याला
अशी पन्नासेक नाणी लागतात.
म्हणजे फूलमतीच्या लग्नात दिला त्या लोट्यात
निदान सहा राजे विरघळले असणार,
बाप, लेक, कदाचित एकमेकांच्या जिवावर उठलेले,
आणि आता पोरीच्या सासरी
तिचा सासरा त्यानं पहाटे चूळ भरतो.

वाईट वाटलं? वाटलं थोडं.
पण तांबं एका जागी बसत नाही, हेही खरंच.

ते तिरकं नाणं मी ठेवून घेतलं.
मास्तर पैसे देत होता, दिलं नाही.
रमदेईला वाचून दाखवलं तर म्हणाली,
"मितस? आमच्या नव्या बोकडाला बरंय."

दुसऱ्या दिवशी टेकाडावरून हाक आली,
मितस, ए मितस,
आणि दोन हजार वर्षांनी त्या नावाला
कुणीतरी चरता चरता मान वळवून पाहिलं.