तारांकित

खोक्यावर समोरच, अंगठ्याएवढ्या अक्षरांत:
७ × १०० वॅट.
आणि शेवटच्या शब्दाच्या खांद्यावर
डास बसावा तशी एक चांदणी.

एकतीस वर्षं प्रुफं तपासली मी.
मजकूर नंतर, तळटीप आधी.
खोकं उलटं केलं, चष्मा कपाळावर सारला.
बारकोडच्या खाली मुंग्यांची रांग होती:
सहा ओहम, एक किलोहर्ट्झ,
दहा टक्के विकृती,
एकच चॅनल चालू असताना.

दहा टक्के.
म्हणजे दर दहा अक्षरांत एक चुकीचं.
असलं पान मी छपाईला सोडलं असतं
तर मांजरेकरसाहेबांनी जिन्यावरूनच घरी पाठवलं असतं.

लॅमिंग्टन रोडला मुर्तुझाभाईच्या गाळ्यात
पंखा वायरींच्या गुंत्यावर फिरत होता.
म्हटलं, मागच्या पत्र्यावर लिहिलंय
भिंतीतून घेतो दोनशे नव्वद.
मग देतो सातशे, ते कुठून?
तो हसला. ‘साहेब, तो आकडापण सरासरीचाच.
पण शंका बरोबर आहे तुमची.’
जुन्या एकाचं झाकण काढून दाखवलं:
विटेएवढा एकच ट्रान्सफॉर्मर
आणि त्याच्या जिवावर सात जण.
‘एकटा बोलला तर शंभर.
दोघं बोलले तर ऐंशी-ऐंशी.
सातही एकदम ओरडले
तर पस्तीस हातात पडले तरी नशीब.
पण सातही एकदम ओरडतात कधी?
पिक्चरमध्ये बिल्डिंग पडते तेव्हा.
तेही अर्धा सेकंद.’

मग गिऱ्हाईक तुटेल याची पर्वा न करता, हळूच:
‘खरं सांगू? तुमच्या खोलीला एक वॅट पुरतो.
दुप्पट घातलेत तर कान म्हणतो, जरासं वाढलं.
आवाज दुप्पट वाटायला दहापट लागतात.’

कन्नमवार नगर, दहा बाय चौदा.
रात्री मेनू उघडला, तो शिरगणतीवाल्यासारखा
एकेकाची चौकशी करू लागला.
पुढचा डावा? आहे.
पुढचा उजवा? आहे, शिवणयंत्रावर ठेवलाय.
मधला? आहे.
मागचा डावा?
सोफ्यामागे भिंत, भिंतीमागे तोरस्करांची मोरी.
नाही.
मागचा उजवा? नाही.
त्यांच्याही मागचे दोन? नाही, नाही.
दर ‘नाही’ला पडद्यावरची एक चौकट विझली
आणि मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं,
पंगतीला बसवून पानं उचलावीत तसं.

मधल्याला चार डेसिबल वाढवून दिले.
माणसं बोलतात ती तिथून,
हे मुर्तुझाभाईने पावतीच्या मागे लिहून दिलं होतं.

शैलाताई सोफ्यावर, पाय वर घेऊन.
तापानंतर उजवा कान गेला, डावा निम्मा.
दोन वर्षं प्रत्येक मालिकेत ती मला विचारते,
हा काय म्हणाला?
दोन वर्षं मी तिची तळटीप.

आज कोर्टाचा सीन होता.
वकील पुटपुटला, साक्षीदार त्याहून हळू.
मी सवयीने तिच्याकडे झुकलो.
ती पडद्याकडे बघतच म्हणाली,
‘खोटं बोलतोय मेला.’

पुढे तासभर तिने काही विचारलं नाही.
मी दोनदा तोंड उघडलं, मिटलं,
मग आत जाऊन दूध तापत ठेवलं.

मागे आठ टोकं रिकामी आहेत, चार लाल, चार काळी.
धूळ जाऊ नये म्हणून
उद्या टेप आणायची.