विजेच्या बिलाच्या पाठीवर

भिशी लागली, हातात आले पंच्याऐंशी हजार,
आणि अंमळनेरच्या आमच्या दोन खोल्या
एकाएकी बोलायला लागल्या.
पंख्यावरचा पोपडा म्हणाला, मी.
मोरीतला पाइप म्हणाला,
मी तर सात वर्षांपासून रांगेत आहे.

बिलाच्या कोऱ्या बाजूला मी रेघा मारल्या.
राजधर म्हणाले, आधी फाटक.
साडूंनी पारोळ्याला केलंय,
वर लोखंडाचे दोन मोर आहेत.
सासऱ्यांना जिन्याला कठडा हवा होता.
तेजल पुस्तकातून मान न काढता म्हणाली,
मोरीला आतून कडी.
(आम्ही दाराला बादली लावतो. भरलेली.)

कौतिक मिस्त्री आले ते थेट गच्चीवर.
वैशाखातली दुपार, तरी तिथे अर्धा तास,
कलिंगड वाजवावं तसा स्लॅब
हातोडीच्या दांड्यानं वाजवत फिरले.
खाली आले, तांब्याभर पाणी प्यायले.
"पयले पानी थांबाड ताई, मंग रंगनं बोल.
पानी सोतानी वाट सोधस."

मग काटाकाटी.
मोर उडाले, सगळ्यात आधी.
रंग गेला. खिडकीच्या जाळ्या गेल्या.
सासरे म्हणाले, कठड्याचं राहू द्या,
मी वर जातोच कशाला?
रोज जातात. हरभऱ्याची डाळ उलथायला,
भिंतीला तळहात घासत.
त्या भिंतीवर त्यांच्या उंचीची एक काळी रेघ आहे.
मी कठडा पुन्हा लिहिला, साधा, पाइपचा.

गच्ची अडतीस, वायरिंग बावीस, मोरीचा पाइप अकरा.
स्लॅब फोडला तर सळ्या गंजलेल्या,
आणखी पाच.
कठडा साडेआठ.
उरले पाचशे, त्यातली एकशे चाळीसची कडी,
जी कुठल्याही दिवशी, कुठल्याही भिशीशिवाय
बाजारातून आणता आली असती.
हे कळल्यावर घरात कोणी बराच वेळ बोललं नाही.
तेजलनं ती लावली, काढली,
पुन्हा लावली.

आणि ज्या बिलाच्या पाठीवर हा सगळा हिशेब,
त्याची शेवटची तारीख मंगळवारीच उलटून गेलेली.

शेवटच्या दिवशी कळण्याच्या भाकरी केल्या, वांग्याचं भरीत.
मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात बसून जेवले.
मी तव्याशी पाटावर उभी.
ओटा चार बोटं उंच आहे, पहिल्यापासून;
यादीत नव्हता, पेन माझ्याच हातात होतं.
त्यांनी हात धुतले, टेप काढली,
कानामागची पेन्सिल घेऊन
भिंतीवर लिहिलं, ओटा, ४ बोटं.
विचारलं काहीच नाही.

रंग पुढच्या खेपेला, म्हणून ते अजून आहे तिथे.
परवा साडू आले. चहा घेताना वाचलं त्यांनी,
म्हणाले, हे काय?
राजधर म्हणाले,
पुढच्या भिशीचा पहिला नंबर.