जांबोटीची गाडी

हिंडलग्याच्या दारातून तो बाहेर आला तेव्हा
मी समोरच्या गाड्यावर तिसरा चहा पीत होतो.
साडीच्या दुकानाची पिशवी मांडीवर,
पिशवीत पेपरात गुंडाळलेली कोयती.
चौदा वर्षं,
आणि लुमाण्णा केवढासा निघाला!
शिपायाचं शेवटचं बोलणं
कानामागे तळवा धरून ऐकत होता.

भरमाणीचा पाय रेषेच्या आत होता की बाहेर,
एवढंच भांडण.
शाळेच्या मैदानात फक्कीनं मारलेली रेष,
रात्रीचा सामना, एक गुण, हाताला लागलेला खुंट.
सकाळी रेषही उरली नव्हती,
धावत आलेल्यांच्या पायांनी पुसली गेली.
सूड घे असं आई कधीच म्हणाली नाही.
फक्त नऊ नंबरची जर्सी तिनं धुतली नाही.

निकाल आला तो कानडीत.
माझं कानडी पस्तीस मार्कांपुरतं,
अक्षरं दिसायची मोड आलेल्या मटकीसारखी.
कोर्टासमोरच्या बसलिंगप्पा टायपिस्टाकडं गेलो,
दर शनिवारी एक पान.
'कोले'ला मी आधी कोल्हे समजलो होतो.
ते हसले नाहीत. कोले म्हणजे खून, म्हणाले.
एकदा विचारलं, सूडाला तुमच्यात काय म्हणतात?
'सेडु,' म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.
'पण तू म्हणतोस तसं म्हटलं, सूड, सुडु,
तर आमच्यात ते जाळणं. भाजणं.
चुलीवर रोट्टी सुडु, मसणात मडं सुडु.
कुणी, काय, ते शब्द सांगत नाही बघ.'
मी वहीत लिहून घेतलं. वही अजून आहे.

सिटी बसमध्ये त्याच्या मागच्याच सीटवर बसलो.
लाकडाच्या भुशाचा वास येत होता,
आत सुतारकी शिकवतात म्हणे.
आणि मान. इतक्या जवळ.
चौदा वर्षं रोज कापली होती मी ती मान,
जेवताना, दाढी करताना,
एकदा तर माझ्याच हळदीत.
इतक्यांदा कापलेल्या मानेवर
आता सुरुवात कुठून करायची, सुचेना.

सीबीटीवर उतरला आणि हरवला.
पाट्यांखालून पाट्यांखाली फिरला,
मग अख्ख्या गर्दीत नेमकं मलाच विचारलं,
'दादा, जांबोटीची गाडी खट्टे लागत्या?'
ओळखलं नाही. मला तेव्हा मिसरूडही नव्हतं.
दादा मी कुणाला म्हणायचो,
ते तरी त्याला कुठं ठाऊक.

मी पाटी वाचली. नीट, अक्षराला अक्षर लावून.
मग सौंदत्तीच्या गाडीकडं बोट केलं.
'हीच. चढा लवकर, सुटत्या.'
तो चढला. खिडकीतून हातसुद्धा केला.

एवढाच निघाला पिशवीतून.
चौदा वर्षं घडी घालून ठेवलेला.
ना गार वाटलं, ना लाज.
कुठल्यातरी दुकानातून कुंद्याचा वास आला
आणि मला भूक लागली.

घरी आईनं कोयती उलगडली,
धारेवर अंगठा फिरवला.
'झकास लावलीया,' म्हणाली.
दुसरं काही विचारलं नाही,
हाताला तेल लावून फणस फोडायला बसली.

रात्री मी फाट्यावर गेलो. कशाला, विचारू नका.
शेवटच्या गाडीतून सहा माणसं उतरली,
एक पोरगा, डोक्यावर शिलाई मशीन,
बाकीचे पेंगुळलेले.
सौंदत्तीहून परतीचे पैसे असतील का त्याच्याकडं,
हे मनात आलं तेव्हा माझाच राग आला.

बाजूला एक म्हातारी उभी होती,
मोबाईलचा उजेड एकेकाच्या तोंडावर धरत.
माझ्या तोंडावर आला तसा तो तिनं
घाईनं खाली केला.
चौदा वर्षं आमच्या दारावरून न गेलेली बाई.
मग अंधारातच विचारलं,
'बेळगावची शेवटची हीच?'

'हीच,' मी म्हणालो.