आठ महिन्यांची ओहोटी

मार्चअखेर. चार रजा उरलेल्या,
नाही घेतल्या तर वाया.
अर्जात कारण लिहिलं : वैयक्तिक.
दाबके साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं,
"घरी कोणी आजारी?"
कोणी आजारी नाही, कोणाचं लग्न नाही,
मला एकटीला समुद्र बघायचाय.
एवढं मात्र बोलले नाही.

नोटप्रेसमध्ये बावीस वर्षं
छापून आलेल्या तावांवर वाकून :
कुठे रेघ तुटली, कुठे शाई फुगली,
कुठे आकडा केसभर सरकला.
दोष दिसला की खूण करायची.
हल्ली आरशासमोरही
बोटं पेन शोधतात.

नाशिकरोडहून निघाले तेव्हा साडेपाच.
पायाशी भाच्याचा तंबू,
डिकीत स्टोव्ह, डाळ-तांदूळ एकाच पिशवीत,
औषधाच्या बाटलीत तेल.
सातपूरला पहिल्या पाळीची माणसं फाटकाशी,
अंजनेरीच्या अंगावर अजून रात्र.
बेत असा : त्र्यंबक, मोखाडा, जव्हार,
घाट उतरून दिवेलागणीला डहाणू.

त्र्यंबकला चहा घेताना
टपरीवरचा पोरगा डोंगराकडे बशी करून म्हणाला,
इकडच्या अंगाला पडलं तर गोदावरी,
पार पूर्वेच्या समुद्राला.
तिकडे पडलं की वैतरणा, पश्चिमेला.
"म्हणजे आमच्या गावाला समुद्र दोन, मावशी.
दिसत एकही नाही."

गावाबाहेर रस्ते दोन,
एक घाटाकडे, एक धरणाकडे.
मी धरणाकडे वळले.
कारण विचाराल तर अर्जात लिहिलंय तेच.

वाटेत तीनदा थांबले.
एकदा पळसासाठी,
एकदा मोह वेचणाऱ्या बायांपाशी, त्यांनी ओंजळभर दिला,
एकदा उगीच,
थांबता येत होतं म्हणून.

वैतरणेच्या काठावर चिमा मेंगाळ
ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं लावत होता.
"येकल्याच आल्या?"
हो.
"बरं केलं. दोघं आले का भांडत्यात."
तंबू किती लांब लावू पाण्यापासून?
तो हसला.
"लावा चिकटून. ह्ये पाणी वर येत नाय आता,
खालीच जातंय. मुंबईवाले पित्यात.
आखाजीपातूर त्ये टेकाड उघडं पडंल."
आणि परत कधी येतं?
"आखाडात."

म्हणजे ह्या समुद्राला
वर्षातून एकच भरती,
आणि ओहोटी आठ महिन्यांची.

खिचडी खाली लागली. तशीच खाल्ली.
पाण्याच्या कडेला एक काठी रोवली,
आत येऊन चेन ओढली,
मग पुन्हा उघडली.
भीती वाटली का? वाटली.
एक कुत्रं तंबूला घासून गेलं,
पलीकडच्या पाड्यावर कोणीतरी कोणाला तरी
बराच वेळ हाक मारत राहिलं
आणि मग त्याला ओ मिळाली.
मला त्यानंतर झोप लागली.
उशाशी पाणी रात्रभर
नळानळाने समुद्राकडे निघालेलं.

सकाळी काठी कोरडी.
पाणी तिच्यापासून वीतभर मागे,
आणि मागच्या साऱ्या चढावर, चिखल वाळलेला तिथवर,
रेघांवर रेघा,
पाणी मुक्कामाला थांबलं त्या त्या रात्रीची एकेक.
मी गुडघ्यांवर बसले. सवय.
ही तुटलेली, ही फुगलेली,
ही केसभर नव्हे, चांगली बोटभर सरकलेली,
इथे तर म्हशीच्या खुराने
चार रात्री एकात एक मिसळून टाकलेल्या.
बोटं खिशाशी गेली
आणि तिथेच थांबली.

चिमाने दोन मासे आणून दिले.
मला साफ करता येत नाहीत म्हटल्यावर
एकच साफ करून दाखवला,
दुसरा माझ्या हातात ठेवला.

डहाणू आहे तिथेच आहे.
रजा अजून तीन.
दुपारी मी तंबूच्या खुंट्या उपटल्या,
हातांना खवल्यांचा वास,
आणि तंबू वीतभर पुढे लावला,
पाण्याच्या मागोमाग.