तांब्याची तार

एव्हेलियोने जुन्या मोटरीतली तांब्याची तार उकलून
हवेवर जगणारं ते रोप लिंबोणीच्या फांदीला बांधलं,
चांगलं घट्ट, गाठीवर गाठ.
महिन्याभरात ते बुडाशी काळं पडलं.

ओब्दुलिया काही बोलली नाही.
साकापाच्या रोपवाटिकेत अकरा वर्षं काढलीत तिने;
तांबं यांना विष, हे तिथली पोरंसोरंही जाणतात.
तिने तार कापली, कुजकी पानं खुडली,
आणि फाटक्या मोज्याची पट्टी
सैलशी गुंडाळली.

माती नको. कुंडी तर नकोच.
मोताग्वाच्या खोऱ्यात पाऊस नावापुरता,
म्हणून रविवारी पिंपात अर्धा तास बुडवायचं,
मग उलटं धरून झटकायचं,
पुन्हा झटकायचं.
बेचक्यात थेंब राहिला तर गाभा सडतो.

"खातं काय हे?" तो विचारतो.
"धूळ," ती म्हणते, "आणि तुझी बडबड."

मार्चमध्ये शेंड्याची पानं लालभडक झाली,
मधोमध जांभळी नळी.
एकदाच फुलतं हे.
मग मरायला वर्षभर घेतं, सावकाश,
कुशीत पिल्लं वाढवत.

त्याने वाकून मोजली: तीन.
दुपारी तारेचं उरलेलं भेंडोळं
भंगारवाल्याला देऊन आला,
पैशांचं काही बोलला नाही.